कॉमिक कॉनला सह्या गोळा करायला जाणाऱ्या आम्ही दोघी: लोक सारखं विचारतात ते सगळे प्रश्न

मी वसमतची, घरचं खत-बियाण्याचं दुकान बघते. मैत्रीण हिंगोलीला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. नाव टाकायचं नाही अशी तिची ताकीद आहे म्हणून इथं तिला नुसतं मास्तरीण म्हणते, तसंही तिला सगळे तेच म्हणतात. दोघींना सायन्स फिक्शनचा नाद आहे, जमेल तेव्हा कॉमिक कॉनला जातो आणि लेखक-चित्रकार-कलाकारांच्या सह्या घेऊन येतो. लग्नात, बसमध्ये, दुकानात युरियाची गोणी उचलता उचलता लोक जे विचारतात ते खाली एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक द्यायची.

तिथं असतं तरी काय?

मोठे मोठे हॉल, त्यात कॉमिक्सचे, पुस्तकांचे, खेळण्यांचे, टीशर्टांचे स्टॉल, एक स्टेज, आणि आर्टिस्ट ॲली म्हणून एक भाग जिथं चित्रकार आपापलं टेबल मांडून बसलेले असतात. कॉमिक कॉन इंडिया २०११ ला दिल्लीत सुरू झालं, पुढं मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद असं पसरत गेलं. आता हे निव्वळ सायन्स फिक्शनचं नसतं हे आधीच सांगते, सुपरहिरो, ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून, गेमिंग सगळं एकाच ठिकाणी कोंबलेलं असतं आणि आवाज तर विचारूच नका. पण रोबो, एलियन आणि टाइम मशीनवर तासन्‌तास बोलणारी अनोळखी माणसं आपल्याला एवढ्या संख्येनं दुसरीकडं कुठं भेटणार?

बाहेर देशात हे लै जुनं आहे. वर्ल्डकॉन म्हणतात ते सायन्स फिक्शनवाल्यांचं पहिलं संमेलन १९३९ ला न्यूयॉर्कला भरलं, दोनेकशे माणसं होती. स्टार ट्रेक ही अंतराळातली टीव्ही मालिका १९६९ ला बंद पडली आणि १९७२ च्या जानेवारीत तिच्या चाहत्यांनी न्यूयॉर्कलाच संमेलन घेतलं, आयोजकांना वाटलं काही शे लोक येतील, आले तीन हजारांच्या वर. बंद पडलेल्या मालिकेसाठी! मास्तरीण हे उदाहरण तिच्या वडिलांना दर वेळी सांगते. ते दर वेळी म्हणतात, अमेरिकेत लोकांला काय कामं नाहीत.

मुंबई-पुणे सोडून हैदराबाद कामून?

नकाशा बघा एकदा. नांदेडहून हैदराबादचं अंतर मुंबईच्या निम्म्यावर आहे. देवगिरी एक्सप्रेस आहे, रात्रीच्या ट्रॅव्हल्स आहेत, आणि तसंही १९४८ पर्यंत आपला सगळा मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता, त्यामुळं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं वाटतं. माझी आज्जी अजून म्हणते, "हैदराबादला जायलीस तर बांगड्या घेऊन ये." कॉमिक कॉन तिथं हायटेक्स या प्रदर्शनाच्या जागी भरत आलेलं आहे. जागा आणि तारखा बदलतात, तिकीट काढायच्या आधी अधिकृत साईटवर बघून घ्या, फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर जाऊ नका.

पहाटे ट्रॅव्हल्समधून उतरलं की कुठंतरी चहा आणि उस्मानिया बिस्किट, नऊच्या आत गेटवर. हॉलमधलं खाणं महाग असतं आणि तिथंही लाईन असते, म्हणून आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेतो. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा गेटबाहेरच उरकायचं. एकदा चार-पाच पोरं डोक्यापासून पायापर्यंत रोबो होऊन आमच्या शेजारी बसली होती. त्यांनी धपाटे मागून खाल्ले, हेल्मेट काढावं लागलं बिचाऱ्यांना.

घरचे जाऊ देतात?

माझे बाबा काही बोलत नाहीत, फक्त पेरणीच्या दिवसांत जायचं नाही. मास्तरणीच्या सासूबाई आधी म्हणायच्या, सही आणायला हैदराबादला जायचं म्हणजे काय ते, तलाठ्याची सही आहे का ती. आता त्याच शेजारणीला वही दाखवतात.

सही नेमकी कुणाकुणाची घेता?

ज्याचं काम वाचलंय, बघितलंय त्याची. एवढाच नियम आहे आणि तो आम्ही पाळतो. बाहेरून आलेला मोठा ॲक्टर असला की त्याच्यापुढं लांबच लांब लाईन लागते, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना तो कोण हे माहीत नसतं, सगळे उभे आहेत म्हणून तेही उभे. तिकडं आर्टिस्ट ॲलीत एखादा चित्रकार, ज्यानं अख्खं अंतराळयान पेनानं एकेक खिळ्यासकट काढलंय, तो टेबलापाशी पाणी पीत बसलेला असतो. आम्ही आधी त्याच्याकडं जातो. तो सही तर देतोच, बाजूला छोटंसं चित्रही काढून देतो, आणि कागद कुठला वापरतो, ते यान कसं सुचलं, सगळं सांगतो. एक काहीतरी विकत घ्या मात्र, प्रिंट, पोस्टकार्ड, स्टिकर, काहीही. फुकट गप्पा आणि फुकट सही असं दोन्ही बरं दिसत नाही.

आणि सहीची लाईन म्हणजे कॉमिक कॉनच असायला पाहिजे असं थोडीच आहे. २०२२ ला साहित्य संमेलन आपल्या उदगीरलाच होतं. संमेलनात, पुस्तक प्रदर्शनात मराठी विज्ञानकथा लिहिणारे लेखक दिसले की त्यांच्या हातात त्यांचंच पुस्तक द्यायचं, लाईन नाही, टोकन नाही. उलट तेच खूश होतात की पोरी विज्ञानकथा वाचायल्या.

एक सही, एक प्रश्न ही काय भानगड आहे?

हे आम्ही नारळीकर सरांकडनं उचललं. जयंत नारळीकर व्याख्यानाला गेले की पोरं सहीसाठी वह्या घेऊन घेरायची, आणि सर सांगायचे, अशी सही देत नाही, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. म्हणजे सही पाहिजे तर आधी डोकं चालवायचं! मास्तरणीनं हे वाचल्यापासून तिच्या डोक्यातच बसलं. तिचं म्हणणं असं की नुसती सही म्हणजे एक रेघोटी, ती त्या माणसानं त्या दिवशी हजार वेळा काढलेली असते, तुझ्या वाट्याला त्यातलं काय आलं? मला आधी हे जरा जास्तीच वाटलं होतं, मास्तरकी अंगात मुरलीय म्हटलं हिच्या. पण करून बघितलं आणि आता मला त्याच्याशिवाय सही घेतल्यासारखंच वाटत नाही.

तर पद्धत अशी. लाईनमध्ये उभं असताना प्रश्न ठरवायचा. एकच. लहान. त्या माणसाच्या कामातला. तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते असला नको, त्याचं उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं. एका चित्रकाराला मास्तरणीनं विचारलं, अंतराळात हवा नाही तर तुमच्या यानाला पंख कशाला? तो आधी हसला, मग म्हणाला की पंख नसले तर वाचणाऱ्याला कळत नाही यानाचं तोंड कुठल्या बाजूला आहे. किती साधं उत्तर, पण आता कुठलंही यान दिसलं की मी आधी पंख बघते. मी एकाला विचारलं होतं की तुमच्या गोष्टीतला रोबो कधी थकत कसा नाही, तर त्यानं तिथल्या तिथं एक बसलेला, पाय पसरलेला रोबो काढून दिला आणि खाली सही केली.

लाईनमधनं बाहेर आलो की लगेच वहीत उत्तर लिहून काढायचं, तारीख, गाव, सगळं. रात्री ट्रॅव्हल्समध्ये लिहू म्हटलं की संपलं, निम्मं विसरतं आणि उरलेल्या निम्म्यावर दोघींची भांडणं.

नारळीकर सरांची अजून एक गोष्ट सांगते, कारण ती हस्ताक्षराचीच आहे. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी गोष्ट पाठवली, कृष्णविवर नावाची. स्वतःच्या नावानं पाठवली तर परीक्षक नाव बघून नंबर देतील, म्हणून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं, आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. अक्षर ओळखू येईल म्हणून गोष्ट बायकोच्या, मंगलाताईंच्या, अक्षरात लिहून घेतली. पहिला नंबर आला. सर २० मे २०२५ ला गेले. आमच्याकडं त्यांची सही नाही. पोस्टकार्ड पाठवायचं वय होतं तेव्हा आम्हाला हे माहीतच नव्हतं.

दोघीच कामून? एकटीनं किंवा मोठा ग्रुप करून का नाही?

एकटीला लाईन सोडून पाणी प्यायलासुद्धा जाता येत नाही. आणि मोठ्या ग्रुपचं माहितीय ना, एकाला भूक लागलेली, एकाला फोटो पाहिजेत, एक हरवलेला, एक रुसलेला. दोघी असलं की एक लाईनीत, एक फिरतीवर. फिरतीवरची बघून येते कुठली लाईन हलायली, कुठं टोकन वाटायलेत, कोणता पाहुणा लवकर उठणार आहे. मग अदलाबदल. फक्त मागच्याला आधीच सांगून ठेवायचं की ताई येणार आहे माझ्या जागेवर, नाहीतर लोक भांडायला उठतात आणि त्यांचंही बरोबरच असतं.

दुसरा फायदा, बऱ्याच ठिकाणी माणशी एक किंवा दोनच वस्तूंवर सही असा नियम असतो, दोघींचं मिळून दुप्पट होतं. तिसरा फायदा म्हणजे समोर गेल्यावर माझी बोबडी वळते तेव्हा मास्तरीण बोलते, आणि तिचं बोलणं लेक्चर व्हायला लागलं की मी कोपर मारते.

वही मात्र एकच आहे. ती कुणाकडं राहणार यावरून सुरुवातीला बरंच झालं. आता उन्हाळ्यात तिच्याकडं, पावसाळ्यात माझ्याकडं, कारण तिचं घर पावसाळ्यात गळतं आणि आमचं उन्हाळ्यात भट्टी असतं.

सही कशावर घ्यायची, पेन कुठला न्यायचा?

सगळ्यात चांगलं म्हणजे त्या माणसाचं स्वतःचं पुस्तक, आतलं पहिलं कोरं पान. मग प्रिंट, कॉमिक, आणि काहीच नसलं तर जाड कागदाची कोरी वही, ड्रॉइंगची असते तशी. हातावर, टीशर्टवर, मोबाईलच्या कव्हरवर घेणारे भरपूर दिसतात, त्यांच्या सह्या पुसल्या जातात, एवढंच सांगते.

पेनाचं नीट वाचा, इथं लोक फसतात. गुळगुळीत चकचकीत कव्हरवर बॉलपेन घसरतो आणि जेल पेन वाळतच नाही, बोट लागलं की फासला. तिथं बारीक टोकाचा परमनंट मार्कर पाहिजे. पण तोच मार्कर पुस्तकाच्या पातळ पानावर चालवला की शाई मागच्या पानावर उतरते. पुस्तकाच्या आत पिगमेंट शाईचा, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा, बारीक पेन घ्या, चित्रकलेच्या दुकानात फाइनलायनर म्हणून मागितला की देतात, नांदेडला मिळतो. डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, उजेडात लवकर फिकी पडते, पिगमेंट बरीच टिकते. काळ्या कव्हरवर, आणि सायन्स फिक्शनची निम्मी कव्हरं काळीच असतात, चंदेरी पेंट मार्कर लागतो. तो आधी हलवून रद्दी कागदावर चालवून बघायचा, नाहीतर पाहुण्याच्या हातात गेल्यावर एकदम मोठा ठिपका पडतो. सही झाली की पाच मिनिटं उघडंच धरून उभं राहायचं, लगेच बंद करायचं नाही. पेन दोन न्या. एक हमखास पाहुण्याच्या टेबलावर राहून जातो.

आणि नाव टाकून पाहिजे असेल तर चिकटपट्टीच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून त्या पानावर लावून ठेवा. परदेशी पाहुण्याला आपली नावं तोंडी सांगून काय वाट लागते ते मास्तरणीला विचारा, तिच्या नावात ज्ञ आहे.

पैसे लागतात का सहीला?

आपल्या चित्रकारांना, लेखकांना नाही. परदेशातल्या मोठ्या संमेलनांत ॲक्टर लोक सहीचे आणि फोटोचे वेगवेगळे पैसे घेतात, तो तिथं रिवाजच आहे. इथं काही पाहुण्यांसाठी वेगळं तिकीट किंवा टोकन असू शकतं, आधी वाचून घ्या. आमचा हिशोब असा की पैसे देऊन सही घेण्यापेक्षा त्याच पैशात दोन पुस्तकं घ्यावी.

इंग्रजी येत नाही नीट, कसं बोलायचं?

अहो, हैदराबादला हिंदी चालते, दखनी तर आपल्याला घरच्यासारखी समजते. परदेशी पाहुण्याला प्रश्न कागदावर लिहून दाखवा. तो वाचतो, हसतो, उत्तर देतो. इंग्रजीच्या मार्कांवर सही मिळत नसते.

ऑनलाइन सह्या विकायला असतात, त्या खऱ्या असतात का?

काही असतात, लै नसतात. ऑटोपेन नावाचं मशीन असतं, माणसाची सही एकदा त्यात बसवली की खरा पेन धरून ते हजारो सह्या करत सुटतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, अंतराळवीर, सगळ्यांच्या नावानं अशा सह्या गेलेल्या आहेत. ओळखायचं कसं? माणूस एकसारखी सही दोनदा करूच शकत नाही, तेव्हा दोन सह्या एकावर एक ठेवून तंतोतंत जुळल्या की समजायचं मशीन आहे. पोस्टरवर छापलेली सही असली तर भिंगातून बघा, छपाईचे ठिपके दिसतात, आणि उजेडात तिरपं धरलं तर शाईची वेगळी चमक दिसत नाही. सर्टिफिकेट सोबत आहे म्हणून विश्वास ठेवू नका, सर्टिफिकेटही छापता येतंच की.

विकली तर किती येतील?

हा प्रश्न आमच्या दुकानात सगळ्यात जास्ती. विकायच्या नाहीत. आणि नाव टाकून घेतलेल्या सहीला बाजारात तशीही कमी किंमत येते.

पण बाजार आहे हे खरं. अपोलो ११ च्या तिघा अंतराळवीरांना चंद्रावर जायच्या आधी परवडेल असा भरपूर विमा मिळेना, तेव्हा त्यांनी पाकिटांवर सह्या करून ठेवल्या, आपण परत नाही आलो तर घरच्यांनी त्या विकाव्यात म्हणून. मास्तरीण वर्गात हे सांगते तेव्हा पोरं गप होतात म्हणे. आणि त्यातल्याच नील आर्मस्ट्राँगनं १९९४ च्या सुमाराला सही देणंच बंद केलं, कारण लोक फुकट घेऊन विकायले होते आणि खोट्या सह्यांचाही सुळसुळाट झाला होता. विकणाऱ्या काही लोकांपायी बाकी सगळ्यांचं गेलं.

कॉस्प्ले, म्हणजे कॅरेक्टरचा वेश, करून जायलाच पाहिजे का?

नाही. करायचं असेल तर करा, मजा येते. १९३९ च्या त्या पहिल्या वर्ल्डकॉनलाच फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यातले कपडे घालून गेले होते, तिथून हा नाद लागला लोकांना. खरी दिसणारी हत्यारं नेऊ नका, गेटवर तपासतात. आम्ही एकदा कॉटनच्या साडीवर चंदेरी पट्टे लावून गेलो होतो, लोकांनी विचारलं कुठलं कॅरेक्टर, मास्तरीण म्हणाली, मंगळावरच्या अंगणवाडी सेविका. फोटो काढायला लाईन लागली.

पाहुण्यांना काही भेट न्यावी का? आपली वसमतची हळद?

हौस कळते, वसमतच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि अभिमान मलाही आहे, पण पिवळ्या पावडरीचं पाकीट घेऊन सिक्युरिटीसमोर उभं राहून बघा म्हणजे कळेल. खायचं काहीही नको, बरेचसे पाहुणे ते घेतच नाहीत. स्वतः लिहिलेलं कार्ड द्या. मराठीतून लिहिलं तरी चालतं.

घरी आणल्यावर ठेवायच्या कशा? लॅमिनेशन करू का?

करू नका. नका करू. झेरॉक्सवाला दादा प्रेमानं विचारेल, आपल्याकडं दहावीच्या मार्कशीटपासून कुंडलीपर्यंत सगळं लॅमिनेट होतं, पण त्यातल्या गरमीनं गोंद कागदाला कायमचा चिकटतो, परत काढता येत नाही. साधी पीव्हीसीची पारदर्शक पाकिटंही नको, ती कालांतरानं शाई ओढून घेतात, पॉलिप्रॉपिलीनची फाइल मागा. भिंतीवर लावायची असेल तर थेट ऊन येत नाही अशा भिंतीवर, आणि आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तर अजिबातच नको. कसर लागू नये म्हणून कपाटात वेखंड ठेवतो आम्ही, पण कागदाला टेकू न देता. अधूनमधून वही उघडून वारा द्यायचा. तेवढ्या निमित्तानं वाचणंही होतं.

आपल्या मराठवाड्यात असं काही का होत नाही?

मला खरंच कळत नाही. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायलीय, एप्रिल २०२३ ला केंद्रानं २६०० कोटी मंजूर केलेत, चार-चार किलोमीटरचे दोन हात असणार त्याला, गुरुत्वीय लहरी पकडायला. असल्या लहरी अमेरिकेतल्या लायगोनं पहिल्यांदा पकडल्या १४ सप्टेंबर २०१५ ला, दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर. आता सांगा, ज्या हिंगोली जिल्ह्यात कृष्णविवरांचा आवाज ऐकायचं यंत्र येणार तिथल्या पोरांनी सायन्स फिक्शनसाठी ट्रॅव्हल्स पकडून हैदराबादला जायचं?

मास्तरणीच्या डोक्यात आहे की कॉलेजच्या हॉलमध्ये एक दिवसाचं छोटंसं काहीतरी घ्यावं. दोन-तीन मराठी विज्ञानकथा लेखक बोलवायचे, पोरांची चित्रं लावायची, आणि सही पाहिजे त्यानं चिठ्ठीवर प्रश्न लिहून आणायचा. प्रिन्सिपॉल सरांनी "बघू" म्हटलंय. शाळा-कॉलेजात बघू म्हणजे काय हे तुम्हाला माहीतच आहे, पण ती दर सोमवारी आठवण करायली.

पुढच्या वेळी आम्हाला सोबत नेता का?

नेऊ. तिकीट आपापलं, धपाटे आपापले, एक तरी पुस्तक आधी वाचलेलं पाहिजे, आणि ट्रॅव्हल्समध्ये खिडकीची सीट मास्तरणीची आहे त्यावर चर्चा नाही. प्रश्न आम्ही तयार करून देणार नाही. पेन मात्र एखादा जास्तीचा असतो माझ्याकडं, मागा.